एकशेसत्तेचाळीस नंबरचा पेंटर

"मॅडम, तुम्ही स्वतः टॅक्स चोरता का?"

हा प्रश्न मी विचारला. भर हॉलमध्ये, उभी राहून, अकरावी कॉमर्सच्या नव्वद मुली आणि आमच्या प्रिन्सिपल बाईंसमोर. माझा काही इलाज नव्हता. अरुंधती आणि प्रेमलता मागच्या बेंचवरून सारखं टोचत होत्या, "हिंमत असेल तर विचार. दोन प्लेट कचोरी." दोन प्लेट! आणि मागच्या वर्षापर्यंत हजेरीला "येस मॅडम" म्हणताना माझा आवाज पहिल्या बाकाच्या पुढे जात नसे, हे त्या दोघींना पाठ होतं. म्हणून तर त्यांनी पैज लावली. आपण हरू असं त्यांना वाटलंच नव्हतं.

प्रिन्सिपल बाईंचा चेहरा असा झाला की माझं नाव पटावरून आत्ताच जाईल असं वाटलं. पण पाहुण्या बाई, प्रमोदिनी करमळकर, इन्कम टॅक्सच्या वकील, "आयकर आणि आपण" या विषयावर बोलायला आलेल्या, त्या हसल्या. मोठ्यानं, चष्मा काढून हसल्या.

"नाव काय गं तुझं?"

"शर्वरी शेळके."

"तर शर्वरी, चोरत नाही. उलट मागच्या वर्षी मी जास्त भरलाय. साडेचारशे रुपयांचा एक खर्च मला दाखवताच आला नाही, कारण ज्याच्याकडून काम करून घेतलं त्या गृहस्थानं पावती द्यायला साफ नकार दिला. पैसे घेतले आणि सायकलवर बसून पळाला! मुलींनो, लक्षात ठेवा. टॅक्स कमाईवर नसतो, नफ्यावर असतो. कमाईतून धंद्याचा खर्च वजा करायचा, उरेल तो नफा. पण खर्च दाखवायला कागद लागतो."

सगळ्या हसल्या, टाळ्या वाजल्या. मी मात्र खाली बसले ती डोक्यात एकच वाक्य घेऊन. पैसे घेतले आणि पावती न देता सायकलवर बसून पळाला. असा एक गृहस्थ माझ्या अगदी चांगल्या ओळखीचा होता. सकाळीच त्यानं मला डबा दिला होता.

माझे बाबा.

बाबा म्हणजे जयसिंगराव शेळके. मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते. कापडाच्या गाठी बांधून झाल्या की त्यांच्यावर काळ्या शाईनं नाव, नंबर, किती वार कापड, गाव घालायचं काम त्यांचं. ठप्पे असायचे, पण ठप्पा झिजला की बाबा सरळ ब्रश घेऊन हातानं लिहायचे आणि कुणाला फरक कळायचा नाही. सव्वा वर्षापूर्वी मिल बंद झाली. बंद म्हणजे भोंगाच वाजला नाही एक दिवस. फंड, ग्रॅच्युइटी, राहिलेला पगार, सगळा हिशोब आत अडकला, आणि बाबा सियागंजमध्ये एका रंगाच्या ठोक दुकानात अकराशे रुपयांवर नोकरीला लागले.

पण संध्याकाळी आमच्या ओट्यावर दुसरंच काही सुरू झालं.

तुम्ही इंदूरला असाल तर तुम्हाला सांगायला नको, या एका वर्षात शहरात काय काय उगवलंय. दर चौराह्यावर एसटीडी-पीसीओ. दर गल्लीत ब्यूटी पार्लर. ज्यांच्या घरात कालपर्यंत शिवणाचं मशीन होतं तिथे आज कॉम्प्युटर क्लास. आणि या सगळ्यांना बोर्ड हवा. पहिला बोर्ड बाबांनी शेजारच्या पीसीओवाल्याला असाच हौसेनं रंगवून दिला. दुसऱ्या दिवशी दोन जण आले. मग रांगच लागली.

बाबा अक्षरं आखतात, मी भरते. हो, मी! खडूच्या रेघेच्या आत लाल रंग भरायचा आणि उजवीकडून खाली काळी सावली द्यायची, म्हणजे अक्षर पतऱ्यातून उठून बाहेर येतं. शाळेला जाताना सायकलवरून मी माझी अक्षरं मोजते. परवा मोजली तर घर ते शाळा चौदा बोर्ड! खरं सांगू, माझा आवाज तिथूनच मोठा झाला. ज्या मुलीचा "ळ" चार फूट उंच आहे तिनं हजेरीला का म्हणून पुटपुटायचं?

फक्त एक गोष्ट होती. बाकीचे पेंटर बोर्डाच्या कोपऱ्यात आपलं नाव टाकतात. बाबा नाव टाकत नसत. ते बारीक अक्षरांत टाकायचे "१४७". हा त्यांचा मिलच्या बिल्ल्याचा नंबर. पितळेचा तो बिल्ला अजून खिळ्याला लटकलेला आहे. मी विचारलं तर म्हणाले, "नाव नको. हे काय आपलं काम आहे? मिल सुरू होईपर्यंतचं आहे. आणि उगाच कुठे नोंद नको व्हायला."

नोंद! बाबांना कागदाची भीतीच बसली होती. युनियनच्या नानासाहेबांनी मिलच्या फाटकावर भाषण केलं होतं, "भाईहो, हिशोब मिळेपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नका!" बाबांनी ते इतकं मनावर घेतलं की तेव्हापासून त्यांनी कशावरही सही केली नाही. म्हणजे कशावरही. माझ्या तिमाहीच्या रिझल्टवरसुद्धा आईची सही आहे. गॅसच्या कार्डावर आईची. दुकानातला पगार ते अंगठा लावून घेतात, आणि अक्षर असं की छापल्यासारखं! मग पावतीची गोष्ट तर सोडाच.

हे सगळं चालून गेलं असतं. पण शाळेतल्या त्या भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या घरी सफारी घातलेला एक माणूस आला.

"एक सौ सैंतालीस नंबर पेंटर यहीं रहते हैं क्या, भिया?"

बाबा ओट्यावर बसून एका डेंटिस्टचा दात रंगवत होते. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

तो माणूस सोयाबीन तेलाच्या एका नव्या कंपनीतून आला होता. कंपनीला शहरातल्या किराणा दुकानांवर आपल्या तेलाचे बोर्ड लावायचे होते. साठ बोर्ड. प्रत्येकी तीनशे रुपये. पूर्ण एप्रिलभर काम. आठ दिवस तो शहरभर बोर्ड बघत फिरला होता आणि जो आवडला त्याच्या कोपऱ्यात १४७ निघाला होता. एका पीसीओवाल्यानं पत्ता दिला.

साठ गुणिले तीनशे, अठरा हजार! मी तर मनातल्या मनात उडीच मारली. आई चहा घेऊन बाहेर आली ती दारातच उभी राहिली.

"बस, दो चीज चाहिए," तो म्हणाला, "आपका दस्तखत किया हुआ बिल, और इस ठेके पर साइन. पेमेंट चेक से होगा. दो परसेंट टैक्स कटेगा, उसका सर्टिफिकेट हम देंगे. सोमवार तक बता दीजिए, नहीं तो दूसरे पेंटर को दे देंगे."

बाबांनी त्याला चहा पाजला, नम्रपणे हात जोडले, आणि म्हणाले, "साइन तो नहीं हो पाएगा, साहब."

तो गेल्यावर आईनं कपबशा गोळा केल्या. मग म्हणाली, "अहो, अठरा हजार होते."

"मनोरमा, मिलमध्ये माझे एकोणीस वर्षांचे पैसे आहेत. सरकारी कागदावर मी लिहून दिलं की मी पेंटर आहे, की ते म्हणतील, हा तर पेंटर झाला, याचा मिलशी काय संबंध? कापा याचं नाव. आणि दोन परसेंट टॅक्स कापला म्हणजे टॅक्सवाल्यांना कळणार. मग ते मागचंही काढतील. वर्षभर मी एक पैसा भरलेला नाही."

"किती भरायला हवा होता पण?" मी विचारलं.

ते कुणालाच माहीत नव्हतं. मग मी बसले. बाबा काही लिहीत नाहीत, पण आई लिहिते. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात ती दुधाच्या लिटरशेजारी बोर्डाचे पैसेही टाकते. "दूध २, पार्लर ३५०." "दूध १॥, दात २७५, पाहुणे." मी एप्रिलपासूनची सगळी पानं मांडीवर घेऊन बेरीज केली. मार्चचे हातात असलेले बोर्ड धरून एकतीस हजार चारशे. त्यात बाबांचा पगार, तेरा हजार दोनशे. अठ्ठावीस हजारांपर्यंत टॅक्स नाही, हे शाळेतल्या भाषणात ऐकलं होतं. त्यावरच्या रकमेवर वीस टक्के. उत्तर आलं तीन हजार तीनशे वीस.

बाबांनी ते आकडे बघितले आणि डेंटिस्टचा दात चुकून पिवळा रंगवला.

तर अशी सगळी गंमत. सोमवारपर्यंत बाबांनी सही केली नाही तर आमच्या हातातून साठ बोर्ड जाणार. आणि नुसते पैसे नाहीत. त्या सफारीवाल्यानं "आपके अक्षर में जान है" म्हटलं तेव्हा बाबांचा चेहरा मी बघितला होता. मिल बंद झाल्यापासून पहिल्यांदा त्यांची मान अशी वर झाली होती. मला ती तशीच ठेवायची होती.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी कॅलेंडरची गुंडाळी सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि प्रमोदिनीताईंच्या ऑफिसवर गेले. पत्ता त्यांनी भाषणाच्या शेवटी सगळ्यांना दिलाच होता. जिन्याच्या तोंडाशी बोर्ड होता, "सौ. प्रमोदिनी करमळकर, आयकर सल्लागार". सुंदर बोर्ड. निळ्यावर पांढरं, आणि सावली... नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, पण ती सावली मी कुठेही ओळखीन. "ळ"च्या पोटात मी थोडा जास्त रंग भरला होता आणि बाबा रागावले होते.

कोपऱ्यात बघितलं. १४७.

मी तिथेच पायरीवर बसून घेतलं. मग पोटात गुदगुल्या व्हायला लागल्या आणि एकटीच हसत सुटले. वर जाऊन दार वाजवलं तरी हसू थांबेना.

"टॅक्स चोरता का वाली!" ताई म्हणाल्या. "ये, ये. काय झालं?"

"ताई, तो सायकलवर बसून पळालेला माणूस... ते माझे बाबा आहेत. खाली बोर्डावरचा १४७ त्यांचाच."

त्यांनी चष्मा काढला. पुन्हा घातला. "हा नंबर माझ्या डोक्यात वर्षभर घोळतोय! मला वाटलं, बोर्डाचा काही सिरीयल नंबर असेल. अगं, मी त्यांना जिन्यावरून हाका मारत होते, पावती द्या हो, पावती! तर म्हणतात कसे, तुम्ही शंभर रुपये कमी द्या पण लिहून मागू नका."

मी सगळं सांगितलं. मिल, नानासाहेब, अंगठा, तेलाची कंपनी, तीन हजार तीनशे वीस. ताईंनी कॅलेंडर टेबलावर पसरलं आणि खूप वेळ वाचत राहिल्या. मधेच म्हणाल्या, "तुमच्याकडे दूध फार येतं."

मग त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "तू मिळालेले सगळे पैसे नफा धरलेस. खर्च कुठाय? लिही. पतरा फुकट येतो?"

"नाही! तो तर सगळ्यात महाग."

"लिही. रंग? तारपीन? ब्रश?"

"रंग बाबांच्या दुकानातूनच, त्याच्या चिठ्ठ्या आहेत डब्यात."

"उत्तम. बोर्ड गिऱ्हाइकाकडे कसा जातो?"

"लहान सायकलवर, मोठा हातठेल्यावर. ठेल्याचे पंधरा रुपये. आणि शिडी भाड्यानं."

"लिही. पुढे?"

"आईची एक साडी. पिवळी. तिच्यावर हिरवा रंग सांडला."

"साडी रंग पुसायला आणली होती का?"

"नाही, आई नेसली होती."

"मग नाही."

"कचोरी? बोर्ड लावून झाला की बाबा गिऱ्हाइकाला कचोरी खायला घालतात. मीही असते."

"गिऱ्हाइकानं खाल्लेली लिही. तू खाल्लेली तुझी."

हे मला जरा अन्यायाचं वाटलं, पण मी लिहिलं. ओट्यावरचा मोठा बल्ब लिहिला. मोजपट्टी, दोरा, खडू लिहिला. जसजशी लिहीत गेले तसतशी मला मजा यायला लागली. खर्च लिहायला एवढी मजा येते हे कुणी आधी का नाही सांगितलं! शेवटी ताईंनी विचारलं, "मजुरी? अक्षरं भरतं कोण?"

"मी." छाती पुढे काढून म्हटलं.

"किती देतात बाबा तुला?"

"मला? काहीच नाही."

"मग काहीच लिहू नकोस. दिले असते तर खर्चात धरता आले असते. न दिलेले पैसे कागदावर टाकायचे नाहीत." त्यांनी मान हलवली. "वाईट वाटतंय गं. चांगला खर्च होता."

मला ते तेव्हा नीटसं कळलं नाही. पण डोक्यात कुठेतरी जाऊन बसलं.

बेरीज झाली चौदा हजार एकशे पन्नास. म्हणजे बोर्डांचा नफा सतरा हजार अडीचशे. पगारातूनही सरकार एक तृतीयांश सोडतं, ते मला माहीतच नव्हतं. उरले आठ हजार आठशे. दोन्ही मिळून सव्वीस हजार पन्नास.

"अठ्ठावीसच्या आत," ताई म्हणाल्या. "या वर्षाचा टॅक्स शून्य."

"शून्य?"

"शून्य. पुढच्या वर्षी कंपनीचं काम धरून कदाचित थोडा बसेल. जे दोन टक्के कापतील ते त्यात वळते होतील, जास्त कापले असतील तर परत मागायचे. पण त्यासाठी फॉर्म भरावा लागतो आणि फॉर्मवर सही लागते. आता ते मिलचं. केलेल्या कामाचे पैसे पेंटर झाल्यानं बुडत नाहीत. पण ते माझ्या तोंडून त्यांना पटायचं नाही. ज्यांनी सांगितलंय त्यांच्याकडेच जा."

निघताना जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "आणि माझी पावती!"

घरी येऊन मी शून्य सांगितलं. आईनं देवापुढे साखर ठेवली. बाबा कागदाकडे बघत बसले आणि पडलेल्या आवाजात म्हणाले, "म्हणजे मी टॅक्स भरण्याइतकंही कमावत नाही होय?"

"अहो!" आई म्हणाली. "काल टॅक्सच्या नावानं तुम्हाला जेवण गेलं नाही!"

"ते वेगळं. एवढे बोर्ड, आणि शून्य..."

रविवारी सकाळी परदेशीपुऱ्यात मिलच्या फाटकावर कामगार जमतात. फाटकाला कुलूप, पण यायचं सगळ्यांनी, चहा घ्यायचा, कोर्टाची तारीख ऐकायची. मी बाबांच्या मागे लागून त्यांच्याबरोबर गेले. नानासाहेब ओट्यावर बसलेले, पांढरी टोपी, हातात पेपर. सत्तरीचे असतील, पण आवाज भोंग्यासारखा.

बाबा चपलेनं माती उकरत उभे. मग मीच म्हटलं, "नानासाहेब, माझ्या बाबांनी तेलाच्या कंपनीच्या बिलावर सही केली तर त्यांचं मिलमधून नाव कापलं जाईल का?"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच. कुठल्याही कागदावर सही करू नका म्हणालात."

"अरे देवा." नानासाहेबांनी पेपर खाली ठेवला. "जयसिंग, मी मिलच्या कागदाचं बोललो होतो. मालकाची माणसं घरोघर येऊन 'हिशोब मिळाला, दावा सोडला' असं लिहून घेत होती, त्यावर सही करू नका म्हणालो. तू काय समजलास?"

"सगळे कागद," बाबा म्हणाले.

"माझ्या रिझल्टवरपण नाही केली सही," मी म्हटलं. "शहात्तर टक्के होते."

लोक हसायला लागले. पण सगळे नाही. मागून एकानं हळूच विचारलं, "मतलब वो रजिस्टर्ड चिट्ठी ले सकते हैं, नानासाहब? आठ महीने से पोस्टमैन को लौटा रिया हूं." दुसऱ्यानं विचारलं की मुलीच्या लग्नाच्या हॉलची पावती चालेल का, तो भाच्याच्या नावानं घेतोय. तिसरा नुसता डोक्याला हात लावून बसला, आणि काय सही करायची राहिली होती ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

नानासाहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे भिया लोगों! एकोणीस वर्षं ज्यानं काम केलं त्याचे पैसे ते त्याचेच. तो आता पेंटर होऊ दे, हलवाई होऊ दे. मी स्वतः सुनेच्या पापडाच्या बिलांवर रोज सह्या करतो! उपाशी राहा असं मी कधी म्हणालो?" मग बाबांकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "तो चौकातला बँड पार्टीचा बोर्ड तुझाच ना? एकशेसत्तेचाळीस?"

"तुम्ही बघितला?"

"इथले सगळे बघतात. जिथे जिथे नंबर दिसतो तिथे तिथे थांबतात. तुला काय वाटलं, तू लपलायस? अख्ख्या शहराला पत्ता दिलायस रे तू! फक्त नाव तेवढं सांगितलं नाहीस."

परत येताना मी सायकलच्या डंडीवर बसले होते, त्यामुळे बाबांचा चेहरा मला दिसला नाही. पण ते शीळ घालत होते. दर बोर्डापाशी सायकल थोडी हळू व्हायची.

दुपारी बाबांनी माझी नवी वही मागितली. पान फाडलं नाही, छान पट्टी लावून आखलं. वर मधोमध ब्रशनं लिहिलं, "जयसिंगराव शेळके, पेंटर", आणि खाली बारीक, "बिल्ला नं. १४७". मी म्हटलं, "नंबर राहू द्यायचा?" ते म्हणाले, "त्याशिवाय ओळखणार कोण?" पहिलं बिल त्यांनी प्रमोदिनीताईंचं केलं. साडेचारशे रुपये मिळाले, मागच्या वर्षीची तारीख, आणि खाली सही. सव्वा वर्षानंतरची पहिली सही! "ज" अजून तसाच, झोपाळ्यासारखा. मग मी पळत जाऊन रिझल्ट आणला. तिथे जागा नव्हती, तरी त्यांनी आईच्या सहीशेजारी तिरकी सही केली. आई म्हणाली गॅसचं कार्डही आणू का, तर म्हणाले आण.

सोमवारी सफारीवाला आला. बाबांनी ठेका पूर्ण वाचला, एका ठिकाणी "पतरा किसका?" असं विचारून घेतलं (पतरा कंपनीचा ठरला, मला ताईंची आठवण आली), आणि सही केली. तो गेल्यावर आईनं शिरा केला. बाबा वहीत खर्चाचं पहिलं पान काढून बसले आणि मोठ्यानं वाचायला लागले, "ब्रश... तारपीन... साठ बोर्ड, प्रत्येकी चोवीस अक्षरं. शर्वे, एप्रिलमध्ये तुझी सुट्टी असेल, नाही का? दोघं मिळून उडवून टाकू."

आणि तेव्हा ते जे कुठेतरी जाऊन बसलं होतं ते वर आलं. चांगला खर्च होता, असं ताई म्हणाल्या होत्या. चांगला खर्च मीच होते!

मी शिऱ्याची वाटी खाली ठेवली आणि उभी राहिले. हॉलमध्ये उभी राहिले होते तशीच.

"आई, बाबा, मला एक सांगायचंय," मी म्हटलं. "मी ठरवलंय. आजपासून मी फुकट अक्षरं भरणार नाही. साध्या अक्षराला आठ आणे, सावलीच्या अक्षराला एक रुपया, आणि जोडाक्षर दोन धरायचं. दर रविवारी रोख. पावती मी देईन, सहीसकट, आणि बाबा, तुम्ही ती खर्चात लावायची. कचोरी वेगळी."